पाकिटातून काढलेल्या गोळ्या

माझ्या धाकट्या भावाला फिट येत नव्हत्या. त्याचं हृदय मधेच थांबत होतं. ते थांबत होतं याला त्याचा आजार कारण होता, आणि मी त्याला देत असलेली फिटची गोळी कारण होती. तो पडायला लागल्यावर मी ती गोळी वाढवली.

हे आधीच लिहून टाकतो. शेवटपर्यंत झाकून ठेवायचं आणि मग डोळे पुसत उघड करायचं, असलं काही मला करायचं नाही. झाकून ठेवण्यातच माझी निम्मी अक्कल खर्च झाली आहे. गोळीचं नावही लिहितो: कार्बामाझेपिन. आजाराचं नाव मायोटॉनिक डिस्ट्रॉफी. ही दोन नावं मी आमच्या घरात वर्षभर कोणाला ऐकू दिली नव्हती.

मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवतो. हृदयाची आकृती दरवर्षी फळ्यावर काढतो, लाल आणि निळ्या खडूने. मुलं म्हणतात, सर, तुमची आकृती छापल्यासारखी येते. मला त्याचा अभिमान होता. आता तो तास आला की मी पुस्तकातलं चित्र बघा म्हणून सांगतो आणि खिडकीशी जाऊन उभा राहतो.

आमचं गाव आरे-वारेच्या रस्त्याने थोडं पुढे. घर आणि कलमांची बाग धाकट्याकडे. आमच्या घरातल्या पुरुषांच्या हातांची एक खोड होती. मूठ आवळली की ती लगेच उघडायची नाही. वडिलांची तशीच होती. कोणाचा हात हातात घेतला की तो सोडायला त्यांना वेळ लागायचा, बोटं एकेक करून सुटायची. गावात त्यावर विनोद चालायचे. "ह्यांच्या मुठीत रुपया गेला की म्हातारा होऊनच बाहेर येतो." एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाने वडिलांना सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "अहो सोडा आता, मी काय तुमची नवरी हाय?" मांडव हसला, वडीलही हसले. ते गेले पन्नाशीत, बागेत, जेवण झाल्यावर कलमाला पाठ लावून बसलेले असताना. ऊन बाधलं म्हणाले सगळे. मीही तेच म्हटलं. कॉलेजात शिकत होतो तेव्हा. शिकलेल्या मुलाने निदान विचारायला हवं होतं, की सावलीत बसलेल्या माणसाला ऊन कसं बाधलं. नाही विचारलं.

मग तेच हात धाकट्याला आले. आंबे उतरवायची घळ, म्हणजे बांबूच्या टोकाला लावलेली जाळी, ती धरली की त्याची मूठ बांबूला चिकटायची. थंडीत जास्त. तो दुसऱ्या हाताने स्वतःची बोटं सोलल्यासारखी सोडवायचा आणि पुढच्या फांदीकडे जायचा. पुढे पुढे पायातलं बळही कमी व्हायला लागलं. तो कधी बोलला नाही. आमच्या घरात बोलायची पद्धतच नाही. दुखतं का विचारलं की "नाय, कुठे काय" एवढंच. त्या "कुठे काय" वर माझा आज इतका राग आहे की कोणी माझ्यासमोर तसं म्हटलं तर मी उठून जातो.

मुंबईला असलेला चुलतभाऊ मागे लागला म्हणून मी धाकट्याला तिकडे मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्याला आपली दोन बोटं आवळायला सांगितली आणि मग सोड म्हणाले. सुटेनात. मग त्यांनी एका छोट्या हातोडीने त्याच्या अंगठ्याखालच्या मांसावर टक् करून मारलं. अंगठा आत वळला आणि तिथेच राहिला, झोपलेल्या माणसासारखा. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "वडिलांना होतं का असं?"

तपासणी झाल्यावर धाकटा बाजूच्या खोलीत शर्ट घालायला गेला. त्याच्या बोटांना एकेक बटण लावायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं. हा स्नायूंचा आजार, घराण्यातून येतो, मुलाबाळांत जाऊ शकतो. नुसते हात नाहीत, यात हृदयाच्या ठोक्यांची वायरिंगही बिघडते. "गोळी देतो. फिटची आहे, पण फिटसाठी देत नाही, हातांचा ताठरपणा सैल पडेल. मात्र सुरू करण्याआधी ईसीजी काढा. इथे आज रांग आहे, तुमच्याकडे काढलात तरी चालेल, पण काढल्याशिवाय सुरू करू नका. ही गोळी ठोके मंद करू शकते. चक्कर आली, पडला, तर त्याच दिवशी मला फोन, गोळी बंद आणि पुन्हा ईसीजी."

मी मान हलवली. सगळं समजलं होतं मला. न समजणाऱ्या माणसाची चूक माफ होते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. मला प्रत्येक शब्द समजला होता.

त्या डॉक्टरांवरही माझा राग आहे. ज्याचं हृदय, त्याची बटणं लागेपर्यंत थांबायला त्यांना सवड नव्हती. शहाणा दिसणारा चष्म्यातला मास्तर बघितला आणि त्याच्या हाती सगळं देऊन टाकलं. पण तो राग फार लांबवता येत नाही मला. त्यांनी सांगायचं ते बरोबर सांगितलं होतं.

धाकटा बाहेर आला, वरचं बटण उघडंच. "काय म्हणाले रे दादा?"

"काही नाही. स्नायू आखडतात. गोळी दिलीय हातांसाठी."

"बरा होईन ना?"

"होशील की. कुठे काय."

आता का, ते सांगतो. त्याच आठवड्यात माझ्या मुलीसाठी चिपळूणचं स्थळ आलं होतं. चांगली माणसं, मुलगा नोकरीला, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. मुलाच्या वडिलांनी फोनवर हसत हसत विचारलं होतं, "घरात काही आजारपण वगैरे नाही ना? विचारावं लागतं हो हल्ली, राग मानू नका." मी म्हटलं होतं, "छे हो, आमच्याकडे सगळे ठणठणीत." मुंबईहून परत येताना गाडीत धाकटा खांद्यावर मान टाकून झोपला होता आणि मी तेवढंच वाक्य घोळवत होतो. घराण्यातून येतो. मुलाबाळांत जाऊ शकतो. आणि वर फिटची गोळी. आमच्याकडे फिट हा शब्द निघाला की माणसं चहाचा कप अर्धा ठेवून उठतात. पुढे कोणी काही विचारत नाही, नंतर फक्त निरोप येतो की पत्रिका जुळत नाही.

रत्नागिरीत मी ज्या दुकानातून औषधं घेतो त्या दुकानदाराची मुलगी माझ्या वर्गात, आणि त्याची बहीण चिपळूणला त्या स्थळाच्याच आळीत दिलेली. तिथून गोळी घेणं म्हणजे वर्तमानपत्रात छापणं. म्हणून मी चुलतभावाला सांगितलं, तू तिकडूनच पाठवत जा. तो खासगी बसच्या ड्रायव्हरकडे पाकिटं द्यायचा, मी सकाळी स्टँडवरून घ्यायचो. शाळेच्या प्रयोगशाळेत दार लावून प्रत्येक गोळी पाकिटातून नखाने बाहेर काढायचो. घरात कॅल्शियमच्या गोळ्यांची रिकामी बाटली होती, त्यात भरायचो. रिकामी पाकिटं तिथल्या फुटक्या काचा टाकायच्या डब्यात. मग शनिवारी गावी जाऊन बाटली भावजयीच्या हातात. "ताकदीच्या आहेत. सकाळ-संध्याकाळ एकेक."

ईसीजी काढायचा तर हृदयाच्या डॉक्टरांकडे जायला हवं. त्यांच्या बाहेरच्या बाकड्यांवर सगळं गाव बसलेलं असतं. पुढच्या आठवड्यात नेऊ म्हटलं. मग साखरपुडा झाल्यावर. मग लग्न झाल्यावर. ईसीजीशिवायच गोळ्या सुरू झाल्या.

आणि गोळी लागू पडली, हे सर्वांत वाईट. काही दिवसांत त्याची मूठ उघडायला लागली. मी गावी गेलो की तो अंगणातूनच हात वर करून मूठ उघड-मीट करून दाखवायचा, लहान पोरासारखा. "बघ दादा, फटकन!" भावजय पदराला हात पुसत बाहेर यायची. म्हणायची, "भावोजी, तुमचे उपकार फेडायचे कसे?" मी पाटावर बसून तिच्या हातचे घावणे खायचो आणि ते उपकारही खायचो.

लग्न थंडीत झालं, झोकात. धाकटा पंगतीत वाढायला होता. जिलबीचं ताट धरायचा, सोडायचा, धरायचा, सोडायचा. मांडवात कोणी विनोद केला नाही. मला वाटलं, जिंकलो.

आंबा उतरवायच्या हंगामात तो पहिल्यांदा पडला. मी तेव्हा रत्नागिरीत होतो, हे नंतर ऐकलेलं. बागेतल्या नेपाळी गड्यांनी उचलून लगेच पडवीत आणला. पांढरा फटक, घामाने निथळत. दोन्ही हात जरा थरथरले, डोळे वर गेले आणि मग मिनिटभरात उठून बसला. "कुठे काय," म्हणाला. तरी घरी जमलेल्यांनी कांदा फोडून नाकाला लावला. म्हाताऱ्यांनी चप्पल हुंगवली. गावातला डॉक्टर स्कूटर उभी करून आत आला, उभ्याउभ्या विचारलं, "हात वाकडे झाले होते? डोळे फिरले होते? मग फिटच ती. आणखी काय असणार?" आणि गेला. मनगटाला हात लावला नाही. कोणीच लावला नाही. इतकी माणसं त्या पडवीत गोळा झाली होती, कोणी पाय चोळत होतं, कोणी हवा घालत होतं, कोणी माझ्या भावजयीला सांगत होतं की हे अमावास्येचं आहे. नाडी बघायचं एकालाही सुचलं नाही.

भावजयीचा फोन आला. "भावोजी, फिट आली म्हणतायत ह्यांना. कुणाला सांगू नका हां. आपल्या पोरीच्या सासरी कळायला नको."

ती असं म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं, तरी तिने पहिला विचार माझ्या मुलीचा केला. माझीच शिकवण, घरभर पसरलेली.

आणि मला काय वाटलं? हायसं. खरं सांगतो, हायसं वाटलं. डॉक्टर म्हणाले होते, चक्कर आली तर बंद करा. ही चक्कर नव्हतीच ना, फिट होती, डॉक्टरनेच सांगितलं. फिटवर तर गोळी चालूच आहे, म्हणजे कमी पडत असेल. असा हिशेब माझ्या डोक्याने एका श्वासात करून दिला. मुंबईला फोन केला असता तर खरं कळलं असतं, म्हणून केला नाही. भावजयीला म्हटलं, "त्या ताकदीच्या गोळ्या आहेत ना, त्या दुपारची पण एक दे. अशक्तपणा आहे."

ती द्यायला लागली. वेळच्या वेळी. तिच्यासारखी वेळ पाळणारी बाई आमच्या गावात नाही.

तो जास्त पडायला लागला. अंघोळीच्या दगडावर, विहिरीच्या काठाला, एकदा जेवता जेवता, घास हातात. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि कौल लावायचा. आमच्याकडे घरातला मोठा गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मी. देवळात गुरव पुढे, मागे सगळी भावकी, धाकटा खांबाला टेकून बसलेला. मी मोठ्याने म्हणायला लागलो, "बा देवा महाराजा, तुझ्या ह्या लेकराच्या मागे जे काय लागलं असेल..."

"होय महाराजा!"

"आतलं, बाहेरचं, कळतं, न कळतं, त्याला वाटेला लाव..."

"होय महाराजा!"

मी विज्ञानाचा मास्तर. मला माहीत होतं त्याच्या मागे काय लागलंय. मी त्याच्या शेजारीच उभा होतो.

गुरवाने मूर्तीला फुलं लावली आणि विचारलं, ह्याला मोठ्या दवाखान्यात न्यावा काय.  उजवं फूल पडलं. न्यावा. म्हातारे म्हणाले, देवाने सांगितलंय, उद्याच ने.

शहरातली माणसं ही हकीकत ऐकली की इथे मान हलवतात. अंधश्रद्धा हो, म्हणतात, त्यात वेळ जातो. माझी तळपायाची आग मस्तकात जाते. त्या देवळात सगळ्यात आधी बरोबर बोलला तो देव. गुरवही बरोबर, भावकीही बरोबर. वेळ मी घालवला. मी म्हटलं, "माझे दहावीचे पेपर तपासायचे आहेत, ते झाले की नेतो." मोठ्या दवाखान्यात पहिला प्रश्न येणार होता, काय गोळ्या चालू आहेत. पेपरांच्या गठ्ठ्याला हात न लावता मी तीन-चार दिवस घरात नुसता बसून होतो.

भावजयीने माझी वाट बघितली नाही, म्हणून तो आज आहे. एका सकाळी तो पडवीत चहा पिताना पडला आणि नेहमीच्या मिनिटभरात उठला नाही. तिने शेजारच्याचा आंब्याच्या पेट्या वाहायचा टेम्पो थांबवला, त्याला पेट्यांवर आडवा घातला आणि रत्नागिरी गाठली. मला फोन केला तो दवाखान्यातून. मी पोचलो तेव्हा तो खाटेवर होता, डोळे उघडे, छातीला तारा. एक तरुण डॉक्टरीणबाई मशीनमधून निघालेली पट्टी हातात धरून उभ्या होत्या.

"फिटचा पेशंट म्हणून आणलंय तुम्ही," त्या भावजयीला म्हणाल्या. "ह्यांना फिट नाही. वरून निघालेला ठोका खाली पोचतच नाहीये. मधे मधे हृदय थांबतंय, म्हणून पडतायत. नाडी कोणी बघितली होती का कधी?"

भावजयीने नाही म्हणून मान हलवली. मी मशीनकडे बघितलं.

"काय औषधं चालू आहेत?"

तिने पिशवीतून बाटली काढली. "ह्या बघा. ताकदीच्या. कॅल्शियम. तीन वेळा देते मी, चुकवत नाही कधी."

डॉक्टरीणबाईंनी बाटली तळहातावर उपडी केली. गोळ्यांकडे बघितलं, एक उचलून उजेडात धरली. "हे कॅल्शियम नाही. कोणी दिल्या तुम्हाला?"

भावजयीने माझ्याकडे बघितलं. तक्रार म्हणून नाही. मास्तर आहेत, सांगतील, अशा खात्रीने बघितलं. आणि तरी, तरी मी म्हटलं, "बघावं लागेल. मुंबईहून येतात."

 खाटेवर भाऊ, बाजूला मशीन, आणि मी म्हणतो बघावं लागेल.

डॉक्टरीणबाई भावजयीकडे वळल्या. जरा कडक आवाजात म्हणाल्या, "लेबल बघितल्याशिवाय नवऱ्याला काहीही कसं देता तुम्ही?" भावजयीचा चेहरा पडला. ती म्हणाली, "मीच दिल्या हो. माझ्याच हाताने. मला काय ठाऊक..." आणि तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरोखर, फाडकन. शेजारच्या खाटेवरच्या बाईने वळून बघितलं.

तेव्हा माझं तोंड उघडलं. भावाचा जीव जाताना नाही उघडलं. त्या थपडेने उघडलं. मी गोळीचं नाव सांगितलं, आजाराचं नाव सांगितलं, मुंबईच्या डॉक्टरांचा शब्द न् शब्द सांगितला, पाकिटातून का काढल्या ते सांगितलं. दुपारची गोळी मी वाढवली तेही. डॉक्टरीणबाई मधे थांबवत नव्हत्या. लिहून घेत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "ही गोळी असल्या हृदयाला... तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"होय."

"तुम्ही काय करता?"

"शिक्षक आहे."

त्यांनी पेन खिशाला लावलं आणि फोन करायला गेल्या.

कोल्हापूरला हलवायचं ठरलं, पेसमेकर बसवायला. रुग्णवाहिकेत भावजय त्याच्या उशाशी बसली. मी चढायला गेलो तर तिने दार धरलं. इतक्या वर्षांत माझ्यासमोर तिने कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. "तुम्ही एसटीने या," म्हणाली. मी एसटीने गेलो. आंबा घाटात गाडी वळणं घेत होती आणि मला वाटत होतं, आता फोन वाजेल. वाजला नाही. तो पोचला. तात्पुरती तार घातली, मग छातीत यंत्र बसवलं. तो जगला.

आता नातेवाईक येतात. चहा घेतात. आणि मला समजावतात. "तू काय मुद्दाम केलंस का?" "पोरीच्या बापाला करावं लागतं." "नशिबात होतं, वाचला, सोडून दे." मी वर्षभर गप्प होतो तेव्हा ह्या लोकांना मी समंजस वाटायचो, आता बोलायला लागलो तर म्हणतात, मास्तरांच्या मनावर परिणाम झाला. मुद्दाम केलं मी. एकेक गोळी नखाने काढणं चुकून होत नाही. माझ्या बायकोलाही मी तेव्हा सांगितलं नव्हतं. तिने परवा स्वयंपाकघरातून विचारलं, "माझ्या कुठल्या गोळ्या कुठल्या बाटलीत आहेत, ते एकदा सांगून ठेवा." वर बघितलंसुद्धा नाही तिने.

धाकटा घरी आल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. सगळं त्याला सांगितलं, भावजयीने आधीच सांगितलेलं असूनही. मला वाटलं होतं, तो शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या. तो छातीवरच्या पट्टीवर हात ठेवून ऐकत होता. हात पुन्हा पूर्वीसारखे झाले होते, गोळी बंद केल्यामुळे. मूठ अर्धी मिटलेली.

"दादा," तो म्हणाला, "ते वर्ष मात्र बरं गेलं रे. हात सुटे होते."

"अरे मरत होतास तू!"

"तेपण खरं. पण जिलबी वाढली की नाय लग्नात? एक सांडली नाय."

मी ओरडलो. मला शिवी दे म्हणालो. भावजय आतून आली आणि दारात उभी राहिली. तो तिच्याकडे बघून हसला, मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, चिपळूणला काय बोलू नको. पोरीचं नवीन घर हाय. मला काय विचारलं कुणी तर मी सांगेन, हृदयाचा त्रास होता, वय झालं."

चाळिशीतला माणूस. वय झालं सांगणार. ज्या गोष्टीने त्याला पेट्यांवर आडवा घातला, तीच गोष्ट तो माझ्यासाठी पुन्हा झाकायला बसला होता. त्याच्यावर इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. भावजय दारातूनच म्हणाली, "झाका. झाका आणखी. ती पोरगी पण पडूदे कुठे तरी, मग तिच्या नाकाला कांदा लावूया."

दुसऱ्या दिवशी मी चिपळूणला गेलो.

व्याही, विहीणबाई, जावई आणि मुलगी, सगळ्यांना बसायला सांगितलं. चहा नको म्हटलं. आजार काय, तो कसा येतो, धाकट्याला काय झालं आणि मी काय केलं, एवढं सांगितलं. मुलीलाही असू शकतो, मलाही असू शकतो. मला चाळिशीतच मोतीबिंदू झाला होता, तो ह्याच आजाराचा भाग असू शकतो, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेही सांगितलं.

व्याही चष्मा काढून पुसायला लागले. "मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं," ते म्हणाले.

"होय. मी खोटं बोललो."

"सांगितलं असतंत तर आम्ही नाही म्हटलं असतं, असं धरून चाललात तुम्ही."

"म्हटलं नसतंत?"

विहीणबाई म्हणाल्या, "म्हटलं असतंही. पण ते आम्ही म्हणायचं होतं. तुम्ही आमच्या वतीने कसे म्हणालात?"

 जावई उठून माझ्या मुलीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.  ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. मूठ मिटली, उघडली. पुन्हा मिटली.

"मी लहान असल्यापासून तुम्ही माझ्या हातांकडे बघता," ती म्हणाली. "पेन धरलं की बघायचात. मला वाटायचं, अक्षर बघताय."

"अगं..."

"काकाचं हृदय घातलंत माझ्या लग्नात. मला विचारलं होतंत? मी म्हटलं होतं, एवढं करा म्हणून?" तिने मिटलेली मूठ मांडीवर ठेवली. "आता आयुष्यभर ह्या घरात भाजी परतताना मला तो आठवणार. तुम्ही हे माझ्यासाठी नाही केलंत, बाबा. माझ्या अंगावर केलंत."

तिचा ईसीजी त्याच दिवशी काढला. विहीणबाई तिच्याबरोबर आत गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, ठोका वरून खाली जायला जरासा वेळ घेतोय, आज औषध नको, पण दरवर्षी बघायचं. आणि कुठलंही नवं औषध सुरू करताना, कुठलंही ऑपरेशन असताना, मूल व्हायचं ठरवण्याआधी, आजाराचं नाव आधी सांगायचं. रक्ताची तपासणीही करून घ्या म्हणाले. माझाही काढला. माझी पट्टी तिच्यापेक्षा वाईट आहे. ते ऐकून मला काही वाटलं नाही, आणि वाटलं नाही म्हणून पुन्हा चीड आली.

बाहेर बाकड्यावर बसून तिने धाकट्याला फोन लावला. फोनचा आवाज मोठा असल्यामुळे त्याचंही मला ऐकू येत होतं.

"काका, मी बोलतेय. कळलंय मला सगळं."

"कुठे काय गं, मी ठीक हाय..."

"गप्प बस. तू माझ्यासाठी एक शब्द खोटं बोललास ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही. पुढची तपासणी कधी आहे तुझी?"

त्याने सांगितलं. मग चाचरत म्हणाला, कोल्हापूरचे डॉक्टर म्हणतात, आता यंत्र बसलंय तर हातांसाठी काही देता येईल का ते बघू, पण सगळं तपासून. दादाला विचारून सांगतो.

"दादाला नाही विचारायचं. मी येते. मी, तू आणि काकू. आम्ही तिघं जाऊ आणि डॉक्टर जे सांगतील ते तू स्वतः ऐकायचंस."

"आणि दादा?"

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तिने माझ्याकडे बघितलं, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाली, "बाबा नकोत."

पलीकडून धाकटा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.